विमानतळावरची झडती, सात किलोंची पिशवी आणि आपण प्रवासी

सह्यवारा, पुणे

विमानतळावरच्या तपासणीबद्दल इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच लिहून झालंय. कुणाचं लोणचं गेलं, कुणाला बूट काढायला लावले, कुणाची बॅग दारात वजनाला लागली. सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा काढतेय. अनुभव लिहा, माहिती लिहा, मतभेदही मोकळेपणाने लिहा.

माझं मत आधीच सांगते. तपासणी कडक असावी. पण नियम कशासाठी आहे हे कळलं की माणूस तो मनापासून पाळतो, आणि नेमकं तेच आपल्याला कुणी सांगत नाही. बाटली बाजूला काढली जाते, 'अलाउड नहीं है' एवढंच ऐकू येतं, मागची रांग पुढे रेटत असते. कामानिमित्त सतत उडणाऱ्याला याचं काही वाटत नाही. पहिल्यांदाच मुलाकडे निघालेल्या आईबापांना मात्र आपल्या हातून काहीतरी गुन्हा घडलाय असं वाटतं. या व्यवस्थेची जास्तीत जास्त किंमत अशी क्वचित उडणारी माणसं मोजतात.

नियम आले कुठून ते बघू. जवळजवळ प्रत्येकामागे एक तारीख आहे.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर अटलांटिकवर आकाशातच फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब व्हँकूवरला चेक-इन केलेल्या बॅगेत होता. बॅग चढली, बॅगेचा मालक चढलाच नाही. टोरांटोला सामान तपासणारं एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं होतं आणि उरलेल्या बॅगांवरून हातात धरायचं, स्फोटकांचा वास ओळखणारं यंत्र फिरवण्यात आलं होतं. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही उतरवायची, ही आज आपल्याला साधी वाटणारी शिस्त अशा घटनांतून आली. एखादा प्रवासी बोर्डिंगला आला नाही की त्याची बॅग शोधण्यात अर्धा तास जातो आणि आपण घड्याळ बघत चरफडतो. त्या अर्ध्या तासामागे ही माणसं आहेत.

२४ डिसेंबर १९९९. काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ पळवून कंदाहारला नेलं. त्यानंतर आपल्या विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे यायला लागली. सुरुवात २००० साली जयपूरपासून झाली.

डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एकाने बुटात लपवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला कट उघड झाला: शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवरची विमानं उडवायची. हातातल्या सामानात द्रव न्यायचे तर १०० मिलीच्या बाटल्या आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी, हा नियम तिथून आला. अमेरिकेत सगळ्यांनी बूट काढायचे हा नियमही २००६ चाच. तो मागे घेतला गेला जुलै २०२५ मध्ये.

हे वाचल्यावर मला १०० मिलीचा राग येत नाही. नियम रातोरात लागू होतो आणि काढायला जवळपास वीस वर्षं लागतात, याचं मात्र वाईट वाटतं. मधल्या काळात यंत्रं बदलली, धोके बदलले, आणि रांगेतली म्हातारी माणसं वाकून बूट सोडत राहिली.

कृष्णाकाठ, वाई

सह्यवाराताई, चांगला धागा. मी सीआयएसएफमधून निवृत्त झालो, नोकरीतली बरीच वर्षं विमानतळांवर गेली. आमची बाजू थोडी लिहितो.

एक्स-रेच्या पडद्यावर तुमची बॅग तीन रंगांत दिसते. सेंद्रिय वस्तू नारिंगी, धातू निळे, मधल्या घनतेचं हिरवं. आता विचार करा, स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच. म्हणजे पेढ्यांचा डबा, साबणाची वडी, जाड पुस्तक, तुपाची बरणी सगळं नारिंगी. त्यावर लॅपटॉप ठेवला की बॅटरीच्या दाट निळ्या ठोकळ्याखाली काय आहे ते दिसेनासं होतं. म्हणून लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये. चार्जरच्या वायरींचं भेंडोळं तर सर्वांत वाईट. वायर, बॅटरी आणि शेजारी मिठाई एकत्र दिसली की बॅग उघडायलाच लागते. वायरी गुंडाळून एका पाऊचमध्ये ठेवा, तुमचाही वेळ वाचेल.

पडद्यासमोर कुणालाही सलग वीसेक मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाहीत, नजर मरते. शिवाय यंत्र अधूनमधून खोट्या पिस्तुलाचं, खोट्या बॉम्बचं चित्र बॅगेच्या प्रतिमेत घुसवतं आणि पडद्यासमोरचा माणूस ते पकडतो का याची नोंद ठेवतं. म्हणजे तिथली व्यक्ती दिवसभर परीक्षेला बसलेली असते. बोलण्यात कोरडेपणा येतो तो बराचसा त्यातून. त्याचं समर्थन करत नाही. वयस्कर माणसाला 'आजी, हे चालत नाही, कारण असं असं आहे' म्हणायला पाच सेकंद लागतात आणि ते शिकवलं पाहिजे, हे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो.

आणखी एक. रांगेत गंमत म्हणूनसुद्धा 'बॉम्ब' हा शब्द उच्चारू नका. ऐकणाऱ्याला तो गंभीरपणेच घ्यावा लागतो, विमान राहून जातं आणि वर पोलीस केस होते. तरुण मुलांची अख्खी सहल यापायी मोडलेली पाहिली आहे.

रोखठोक, ठाणे

दोघांच्याही भावना समजल्या. पण एक प्रश्न कुणीतरी विचारलाच पाहिजे: यातलं किती खरंच उपयोगी आहे?

अमेरिकेत २०१५ साली गृहसुरक्षा खात्याच्या माणसांनी वेषांतर करून स्वतःच्याच तपासणी नाक्यांची परीक्षा घेतली. ७० प्रयत्नांपैकी ६७ वेळा नकली शस्त्रं आणि स्फोटकं आत गेली. बातमी फुटल्यावर नाके चालवणाऱ्या टीएसए या संस्थेच्या प्रभारी प्रमुखांना पदावरून हलवलं. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांचं म्हणणं आहे की ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानप्रवास खऱ्या अर्थाने सुरक्षित केला तो दोनच गोष्टींनी: वैमानिकांच्या कक्षाचं भक्कम दार, आणि आता गप्प बसायचं नाही हे प्रवाशांना कळलं ते.

आणि किंमत फक्त वेळेची नसते. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत लोक विमान सोडून गाडीने जायला लागले. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आकडे तपासले, तर त्या वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांतच रस्त्यांवर सुमारे ३५० जास्त माणसं मेली असावीत असं निघालं. ती भीतीमुळे. पण तपासणीच्या कटकटीनेही लोक विमान टाळतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांच्या हिशोबाप्रमाणे चेक-इन सामानाच्या नव्या तपासणीमुळे अमेरिकेतले प्रवासी साधारण ६ टक्क्यांनी घटले. मुंबई–गोवा रस्त्याने रात्री प्रवास केलेला प्रत्येक जण सांगेल की गाडी विमानापेक्षा किती धोक्याची आहे. विमानतळावरचा त्रास वाढवून माणसं रस्त्यावर ढकलली, तर कागदावर सुरक्षा वाढते आणि माणसं मरतातच.

कृष्णाकाठ, वाई

रोखठोक, ७० पैकी ६७ हा आकडा खरा आहे आणि लाजिरवाणा आहे. पण परीक्षा घेणारी माणसं आतली होती, यंत्राच्या फटी कुठे आहेत ते त्यांना ठाऊक होतं. बाहेरच्या माणसाला आपण पकडले जाऊ की नाही हेच माहीत नसतं, आणि त्या अनिश्चिततेचाही उपयोग असतो. तपासणी नसली तर काय होतं, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या सुरुवातीला जगाने पाहिलंय. विमान पळवणं तेव्हा नेहमीची बातमी होती.

रस्त्यांचा मुद्दा मात्र पटला. आमच्या खात्यात हा हिशोब कुणी मांडताना मी पाहिला नाही.

शर्वरी, न्यू जर्सी

इथे येणाऱ्या आईबाबांसाठी काही गोष्टी, कारण दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाचं तरी सामान अडतं.

पहिली मसाल्यांची. ३० जून २०१८ पासून अमेरिकेला येणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांत हातातल्या सामानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असेल तर वेगळी तपासणी होते, आणि शंकेचं निरसन झालं नाही तर ती ठेवून घेतात. साधारण शीतपेयाच्या एका कॅनएवढं माप. सिडनीत २०१७ साली विमानाविरुद्धचा कट उघड झाला, त्यानंतरचा हा नियम. आपल्या घरांत पूड म्हणजे काय काय? गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, नाचणीसत्त्व, शिकेकाई. हे सगळं चेक-इन बॅगेत टाका. घरगुती मसाल्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, म्हणजे इकडे कुणी बॅग उघडली तरी त्याला वाचता येईल.

दुसरी ड्युटी-फ्री बाटल्यांची. दुकानदार सीलबंद पारदर्शक पिशवीत पावतीसकट बाटली देतो. ती पिशवी वाटेत उघडायची नाही. अमेरिकेत उतरल्यावर पुढचं देशांतर्गत विमान असेल, तर पहिल्या विमानतळावर सामान हातात मिळतं आणि पुन्हा द्यावं लागतं. तेव्हाच ती बाटली चेक-इन बॅगेत ठेवून द्यावी. हा टप्पा माहीत नसल्यामुळे एका विमानतळावर माझ्या सासऱ्यांना भेटीसाठी आणलेली बाटली तिथेच सोडावी लागली. पैशांपेक्षा त्यांना तो पाणउतारा लागला.

तिसरी, इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. सुरक्षा तपासणी विमानाच्या सुरक्षिततेसाठी. उतरल्यावरची सीमाशुल्काची आणि शेतकी खात्याची तपासणी देशात रोग-कीड येऊ नये म्हणून. हापूस मुंबईच्या एक्स-रेतून सुखरूप जाईल, पण नेवार्कला उतरल्यावर अडेल. आंबा चालला म्हणजे पोहोचला असं नाही. उतरण्याआधी विचारतात तेव्हा खाण्याचे पदार्थ आहेत हे खरं सांगावं. सांगितलं तर फार तर जिन्नस जातो, लपवलं तर दंड होतो.

रेवाकाठ, मिरज

मी ६८ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे बदललेले. दारासारख्या चौकटीतून गेलं की ती वाजणार हे ठरलेलं. मग बाजूला उभं राहायचं, पडद्याआड जायचं, पुन्हा हातयंत्र. आपल्याकडे बायकांसाठी पडद्याची वेगळी जागा असते आणि बाईच तपासते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परदेशात एका विमानतळावर सगळ्यांसमोर हात वर करून उभं केलं होतं, ते आवडलं नाही. पण तिथे स्कॅनरमध्ये दोन सेकंद उभं राहिलं की कुणी अंगाला हात लावत नाही, तेही खरं. दोन्हींतलं काय बरं, हे बाईबाईवर अवलंबून आहे. निवड द्यावी एवढंच म्हणणं.

गुडघेवाल्यांनो, डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. त्याने तपासणी टळत नाही, पण बोलणं सोपं होतं. चौकटीत जायच्या आधीच सांगायचं, वाजल्यावर नाही.

कृत्रिम पाय असलेल्यांचे हाल याहून मोठे. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ करून पंतप्रधानांना हात जोडून विनंती केली होती, की दर वेळी मला पाय काढायला लावतात, हे थांबवा. सीआयएसएफने दिलगिरी व्यक्त केली. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की माणसाची प्रतिष्ठा राहील अशा तऱ्हेने तपासणी व्हावी आणि कृत्रिम अवयव काढायला लावू नयेत. प्रसिद्ध बाईचं म्हणणं देशभर ऐकलं गेलं. सांगली जिल्ह्यातल्या ऊसतोडणीत पाय गेलेल्या बाईचं म्हणणं कुणाच्या कानावर जाणार?

सह्यवारा, पुणे

रेवाकाठताई, शेवटचं वाक्य वाचून थांबले. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्याहून नेमकं लिहिलंत.

व्होल्टमीटर, नाशिक

पॉवर बँकबद्दल लिहितो, कारण यात गैरसमज भरपूर आहेत आणि आज विमानातला हा सगळ्यांत खरा धोका आहे असं माझं मत आहे.

नियम वॉट-तासात असतो, खोक्यावर लिहिलेलं असतं मिलिअँपिअर-तासात. मिलिअँपिअर-तासाला ३.७ व्होल्टने गुणा आणि १००० ने भागा. १०,००० चं पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास, २०,००० चं ७४. मर्यादा १०० ची, म्हणजे २७,००० पर्यंत चालतं. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि दोनपेक्षा जास्त नेता येत नाहीत. त्यावर नाहीच. आकडा पुसला गेला असेल तर अडवतात, आणि ते बरोबरच आहे.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत का नाही, हातातच का? लिथियमचा सेल एकदा तापत सुटला की स्वतःची उष्णता स्वतःच वाढवत जातो आणि शेजारच्या सेलला पेटवतो. सामानाच्या कक्षातली आग विझवणारा हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली प्रक्रिया थांबवू शकत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू विमान अशाच बॅटऱ्यांच्या आगीने कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. केबिनमध्ये निदान कुणाला तरी धूर दिसतो आणि पाणी ओतून सेल थंड करता येतो.

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानला उभ्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली. सगळे उतरले, विमान जळालं. पॉवर बँकेवर संशय होता. त्यानंतर तिथे पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आली. एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ते वापरायलाच मनाई केली, आणि आता आपल्याकडेही उड्डाणात पॉवर बँक लावून फोन चार्ज करता येत नाही.

आणि हे लक्षात ठेवा: कप्पे भरलेत म्हणून विमानाच्या दाराशी तुमची ट्रॉली खाली पाठवायला मागतात, तेव्हा आतलं पॉवर बँक आधी काढून घ्या. घाईत ते विसरतं आणि ज्या जागी ते जायला नको तिथेच जातं. ट्रॉलीच्याच सगळ्यांत वरच्या खणात, हाताला लगेच लागेल असं ठेवायची सवय लावा.

ढगवाट, मुंबई

मी केबिन क्रू होते, आता नाही. त्यामुळे सात किलोंवर मला बोलायलाच हवं.

आपल्याकडे इकॉनॉमीत एक बॅग, सात किलो. मापं कंपनीनुसार थोडी बदलतात, लांबी ५५ सेंटिमीटर धरून चाला. रिकामी चाकांची ट्रॉलीच अडीच-तीन किलोंची असते, म्हणजे तुमच्या वाट्याला उरले चार. कापडी सॅक घेतली तर तोच प्रवास सुटसुटीत होतो. पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग सोबत चालते, पण तिचंही माप कंपनीच्या पानावर बघून घ्या.

लोक म्हणतात, कंपन्या पैसे काढायला वजन करतात. परदेशात ते बऱ्याच अंशी खरं आहे. २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या चेक-इन बॅगेलाही १५ डॉलर लावले, बाकीच्यांनी तेच केलं आणि लोक सगळं सामान हातात घेऊन चढायला लागले. मग २०१० मध्ये स्पिरिट या तिथल्या स्वस्त विमान कंपनीने हातातल्या बॅगेलाही पैसे लावले. म्हणजे कप्प्यांतली गर्दी काही अंशी कंपन्यांनीच तयार केली, आणि तीच गर्दी तपासणीच्या रांगेतही दिसते, कारण एरवी चेक-इनमध्ये गेली असती ती प्रत्येक बॅग आता हातातल्या सामानाच्या एक्स-रे पट्ट्यावर येते. आपल्याकडे १५ किलो चेक-इन तिकिटात असताना लोक ते का वापरत नाहीत हे मला आजही कळत नाही. उतरल्यावर पट्ट्यापाशी थोडं थांबायला लागतं, एवढंच ना?

पण मला त्याहून महत्त्वाचं सांगायचंय.

३ ऑगस्ट २०१६. तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं विमान उतरताना धावपट्टीवर आदळलं आणि पेटलं. आत ३०० माणसं. आतले व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील: धूर भरतोय, क्रू ओरडतोय की सामान सोडा, उडी मारा, आणि लोक वरचे कप्पे उघडून बॅगा काढताहेत. विमानातले सगळे वाचले, पण काही मिनिटांतच स्फोट झाला आणि आग विझवायला आलेला एक जवान गेला. मी ते बघून रडले होते. मध्यपूर्वेत राबणारी आपली माणसं. त्या बॅगेत पासपोर्ट, कागदपत्रं, कष्टाचे पैसे, घरच्यांनी दिलेले जिन्नस असतात. त्यांनी बॅग का धरली ते मला कळतं, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

आता २ जानेवारी २०२४. टोकियोच्या हानेदाला जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. आत ३७९ माणसं. बॅगा तिथेच राहिल्या, सगळी माणसं बाहेर आली. नवीन विमानाला मान्यता मिळताना भरलेलं विमान अर्ध्याच दारांतून ९० सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं, आणि त्या चाचणीत कुणी ट्रॉली ओढत उतरत नाही.

म्हणून पासपोर्ट, औषधं, फोन, थोडे पैसे अंगावरच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवा. मग वरच्या बॅगेसाठी जीव अडकणार नाही. हातातलं सामान कमी ठेवायचं माझ्यासाठी हे सर्वांत मोठं कारण आहे.

कोकणकडा, चिपळूण

ढगवाट, हे वाचून आजच पाऊच आणायचं ठरवलं.

आमच्याकडे आजोबांचा पितळी अडकित्ता गेला. पानाच्या डब्यात नेहमी असायचा, तो हत्यार ठरेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पन्नास वर्षं वापरलेली वस्तू. अशी वस्तू वाचवायला काय करता येतं? आणि खोबऱ्याच्या वाट्यांचं काय?

कृष्णाकाठ, वाई

अडकित्ता, सुरी, विळी, मोठी कात्री, हत्यारं-पाने चेक-इन बॅगेत चालतात, केबिनमध्ये नाही. तपासणीत निघालं तर घाबरून लगेच सोडून देऊ नका. वेळ असेल तर परत कंपनीच्या काउंटरवर जाऊन ते चेक-इन करता येतं, किंवा सोडायला आलेलं माणूस बाहेर थांबलेलं असेल तर त्याच्या हाती देता येतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, म्हाताऱ्या माणसांना सोडायला जाल तेव्हा ते आतून फोन करेपर्यंत निघू नका.

सुक्या खोबऱ्याला बंदी आहे आणि कारण शास्त्रीय आहे. त्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. मालवाहतुकीच्या जागतिक नियमांत खोबरं स्वतःहून पेटणाऱ्या पदार्थांच्या गटात आहे. ओला नारळ चेक-इनमध्ये जातो, हातातल्या सामानात एरवी नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंच्या इरुमुडीतल्या, म्हणजे डोक्यावरच्या पूजासाहित्याच्या गाठोड्यातल्या, नारळाला मात्र २०२२ पासून त्या मोसमापुरती सूट मिळते, एक्स-रे आणि हाताने तपासून. म्हणजे श्रद्धेची गरज समजून घेत सुरक्षा राखता येते, हे यात दिसलं.

फोंडेकर, गोवा

गोव्याहून परतणाऱ्यांसाठी. फेणी चेक-इन बॅगेत. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली, दुकानातून सीलबंद घेतलेली, माणशी पाच लिटरपर्यंत. गावातल्या भट्टीवरून प्लास्टिकच्या बाटलीत भरून आणलेली चालत नाही, कितीही चांगली असली तरी. विमानाचा नियम वेगळा आणि राज्यांच्या उत्पादन शुल्काचा वेगळा, दुसऱ्या राज्यात नेताना परवाना लागतो तो दुकानातच विचारून घ्या. काजू बिनधास्त हातात न्या.

तान्हुल्याची_आई, नागपूर

आठ महिन्यांचं बाळ घेऊन निघतेय. दूध, पेज, गरम पाण्याचा थर्मास? आणि वडिलांचं इन्शुलिन?

ढगवाट, मुंबई

बाळाचं खाणं आणि औषधं १०० मिलीच्या नियमातून वगळलेली आहेत, प्रवासाला पुरेल एवढी. वेगळी काढून दाखवायची. इन्शुलिन कधीही चेक-इनमध्ये टाकू नका, खाली गोठलं तर निकामी होतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. बाळाची गाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, काउंटरवर सांगून ठेवा. आणि रांगेत तुम्हाला कुणी पुढे जाऊ दिलं नाही तर जवानाला विचारा, बहुतेक वेळा पुढे घेतात.

रोखठोक, ठाणे

डिजियात्राबद्दल कुणी बोललं नाही. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळूर, वाराणसीला सुरू झालं, मग पुणे, मुंबईला आलं. चेहरा दाखवून दारातून आत. रांग वाचते हे खरं. पण सुरक्षा तपासणी आहे तशीच होते. वाचतो तो ओळखपत्र दाखवायचा वेळ. त्या काही मिनिटांसाठी आपण चेहऱ्याची नोंद देतो. माहिती फोनमध्येच राहते आणि विमानतळाकडची प्रत २४ तासांत पुसली जाते असं सांगितलं जातं. ते तपासून बघायचं साधन सामान्य माणसाकडे नाही. ऐच्छिक आहे तोवर माझा आक्षेप नाही. साधी रांग मुद्दाम लांबवून लोकांना तिकडे वळवलं, तर मात्र तो ऐच्छिकपणा राहणार नाही.

शर्वरी, न्यू जर्सी

अनुमोदन. इथेही तसंच आहे. बोटांचे ठसे आणि पैसे देऊन लहान रांग मिळते, लॅपटॉप बॅगेतच राहतो. ज्यांना ते परवडतं, ज्यांची कागदपत्रं त्यात बसतात, त्यांचा त्रास संपला. त्यामुळे मोठी रांग सुधारा असं म्हणणारा आवाजही हळूहळू कमी होतो. भेटीला येणारे आईबाबा कायम मोठ्या रांगेतच.

व्होल्टमीटर, नाशिक

नव्या सीटी स्कॅनरबद्दलही लिहायला हवं, कारण खरा मार्ग तो आहे. रुग्णालयातल्या सीटीसारखीच बॅगेची त्रिमितीय प्रतिमा मिळते, फिरवून बघता येते, द्रवाची घनताही कळते. त्यामुळे लॅपटॉप आणि बाटल्या बाहेर काढायला नकोत. एडिंबराला २०२५ पासून दोन लिटरपर्यंतची बाटली चालते. पण युरोपात सप्टेंबर २०२४ मध्ये काही स्कॅनरांवरची सूट काढून पुन्हा १०० मिली आणलं, आणि जुलै २०२५ मध्ये एका प्रकारच्या यंत्राला परत मान्यता दिली. आज प्रवाशाला एका विमानतळावर एक नियम आणि परतीच्या विमानतळावर दुसरा. जाताना चाललं म्हणून येताना चालेलच असं धरू नका. ही यंत्रं महाग आणि वजनदार असतात, काही ठिकाणी खालची जमीनच मजबूत करावी लागते, म्हणून वेळ लागतोय.

सह्यवारा, पुणे

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. वाचून मला तीन मागण्या सुचल्या, त्या पत्राने कळवणार आहे. तिकीट काढतानाच काय चालत नाही आणि का, हे मराठीत, सोबत चित्रांसह मिळावं. तपासणीच्या आधी, रांगेच्या तोंडाशी, एक माणूस फक्त सांगायला उभा असावा, म्हणजे अडकित्ता ट्रेमध्ये जाण्याआधीच काउंटरकडे परत जाईल. आणि काढून घेतलेली वस्तू पोस्टाने घरी पाठवायची सोय, पैसे घेऊन का होईना, लहान विमानतळांवरही असावी. कुणाला मसुद्यात भर घालायची असेल तर इथेच लिहा.

कृष्णाकाठ, वाई

चौथी घाला: वेळेची खरी सूचना. मे २०२५ मध्ये भारत-पाक तणाव होता तेव्हा विमानात चढताना सगळ्यांची पुन्हा तपासणी करायचा आदेश होता आणि तीन तास आधी या असं सांगितलं होतं. अशा दिवसांत खेड्यातून निघालेल्या माणसापर्यंत ती बातमी पोहोचतच नाही. तिकिटावरच्या मोबाइल नंबरवर मराठीत संदेश जायला हवा.

कोकणकडा, चिपळूण

पाचवी, संदेश मुलाच्या नंबरवर जातो, प्रवासी आजी असते. तिकीट काढताना प्रवाशाचा स्वतःचा नंबर वेगळा विचारावा.

सह्यवारा, पुणे

दोन्ही घेतल्या. मसुदा रविवारी इथे चिकटवते. रेवाकाठताई, गुडघे आणि कृत्रिम अवयवांचा परिच्छेद तुम्ही लिहाल का?

रेवाकाठ, मिरज

लिहिते. इथल्या अपंग पुनर्वसनाचं काम करणाऱ्या दोघींशी आधी बोलते, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शनिवारपर्यंत देईन.